पावणेसहा वर्षे उघड्यावर : एका प्रयोगाचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात मी अंतराळयानांच्या तापमानाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, वर हवा नाही, पाऊस नाही, दमटपणा नाही. आमच्या शाळेचे लोखंडी फाटक दर दोन वर्षांनी रंगवावे लागते ते याच तिघांमुळे. मग यानाचा रंग खराब होतो तो कशाने?" मी "अतिनील किरणांमुळे" असे दोन शब्दांत उत्तर दिले आणि चहाला गेलो. उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. बाईंच्या प्रश्नातले "वर हवा नाही" हे गृहीत मी तसेच राहू दिले, ही खरी चूक. ते गृहीत ज्या प्रयोगाने सर्वांत स्पष्टपणे खोडून काढले, त्या प्रयोगाचे आज पुस्तकाच्या परीक्षणासारखे परीक्षण करावयाचे आहे. पुस्तकाचे गुण सांगतो तसे दोषही सांगावे लागतात. प्रयोगांच्या बाबतीत आपण हे फारसे करत नाही. निकाल सांगून मोकळे होतो.

प्रयोगाचे नाव लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी. संशोधक त्याला एलडेफ म्हणतात. बारा बाजूंचा, ९.१ मीटर लांब आणि ४.३ मीटर व्यासाचा हा एक सांगाडा. त्यावर ८६ तबके, तबकांत ५७ प्रयोग आणि दहा हजारांहून जास्त नमुने : रंग, धातूंचे मुलामे, प्लॅस्टिकच्या फिती, काचा, आरसे. एका प्रयोगात तर टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया होत्या. त्या नंतर शाळाशाळांतून वाटल्या गेल्या आणि उगवल्याही. बहुतेक तबकांत ना यंत्र, ना तारायंत्र. वस्तू उघड्यावर ठेवायची आणि परत आणून पाहायची, एवढीच कल्पना. आजीने पापड गच्चीवर घालावेत तितकी साधी.

एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या शटलने एलडेफला सुमारे ४७६ किलोमीटर उंचीवर सोडले. वर्षभराने आणायचे ठरले होते. आधी वेळापत्रक पुढे गेले, मग २८ जानेवारी १९८६ रोजी त्याच चॅलेंजरचा सात अंतराळवीरांसह अंत झाला आणि शटलची उड्डाणे थांबली. एलडेफ हळूहळू खाली येत राहिले. जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया शटलमधून बॉनी डनबार यांनी यांत्रिक हाताने ते पकडले, तेव्हा उंची ३३० किलोमीटरच्या आसपास उरली होती. आणखी काही आठवड्यांत ते वातावरणात जळून गेले असते. तोवर ६९ महिने आणि पृथ्वीभोवती ३२,४२२ फेऱ्या झाल्या होत्या.

आता "वर हवा नाही" याकडे येऊ. तीनशे ते पाचशे किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ असते, पण असते. आणि ती आपल्या ओळखीची हवा नसते. सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करतात. खाली असे दोन सुटे अणू लवकरच कुणाशी तरी जोडले जातात. वर जोडीदारच भेटत नाही. त्यामुळे या उंचीवर सुट्या ऑक्सिजन अणूंचेच प्राबल्य असते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना सांगायला नको की हा अणू किती क्रियाशील असतो. त्यात यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने धावते. वारा वाहत नाही, यानच त्याच्यावर जाऊन आदळते. मोटारसायकलवर असताना पाऊस फक्त छातीवर लागतो आणि पाठ बराच वेळ कोरडी राहते, तसे. या वेगाने आदळणाऱ्या ऑक्सिजन अणूची ऊर्जा जवळजवळ ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३.६ पुरतात. विद्यार्थ्यांनी अणूचे वस्तुमान आणि वेग घेऊन हे गणित स्वतः करून पाहावे, सोपे आहे.

एलडेफचा सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. गुरुत्वाकर्षणाच्या उतारामुळे ते सतत एकाच स्थितीत राहिले. एक बाजू कायम पुढे, तिच्या समोरची कायम मागे. दोन्ही बाजूंना ऊन सारखेच लागले, पण ऑक्सिजनचा मारा पुढच्याच बाजूने खाल्ला. म्हणजे एकच रंग पुढे आणि मागे लावला, की ऊन सामाईक राहते आणि फरक फक्त ऑक्सिजनचा. प्रयोगवहीत आपण "नियंत्रित प्रयोग" म्हणून झाड आणि काळा कागद काढतो. त्याहून सुंदर नियंत्रित प्रयोग मला क्वचितच आढळला आहे.

पुढची बाजू तरी नेमकी पुढे होती का? हे एका सूचिछिद्र कॅमेऱ्याने सांगितले. या कॅमेऱ्यात उजेडाऐवजी ऑक्सिजनचे अणू छिद्रातून आत येत आणि चांदीच्या पत्र्यावर काळा ठिपका उमटवीत. ठिपका मध्यावर पडला नव्हता. एलडेफ सुमारे ८ अंशांनी वाकडे उडत होते. आठवीच्या मुलांना खोक्याचा कॅमेरा करायला लावतो, तीच युक्ती.

रंगाचे महत्त्व काय, हे न सांगता पुढे जाता येणार नाही. यानाला रंग शोभेसाठी नसतो. पोकळीत उष्णता फक्त प्रारणाने जाते-येते. पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा किती भाग शोषतो, ही शोषकता. आणि स्वतःची उष्णता किती सहज बाहेर टाकतो, ही उत्सर्जकता. या दोहोंच्या गुणोत्तरावर तापमान ठरते. सूर्याकडे तोंड केलेला, पाठीमागून उष्णता न सोडणारा एक सपाट पत्रा घ्या. त्याच्यावर शोषकता ०.२५ आणि उत्सर्जकता ०.९ असलेला पांढरा रंग असेल, तर तापमान सुमारे १३ अंश सेल्सियसवर स्थिरावते. रंग तपकिरी होऊन शोषकता ०.५ झाली, की तोच पत्रा ६७ अंशांवर जातो. आतल्या विद्युत घटांचे आणि इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचे आयुष्य या चोपन्न अंशांत संपते. रंग उडणे ही वर आजारपणाची सुरुवात असते.

एलडेफवर ए-२७६ नावाचा पांढरा पॉलियुरेथेन रंग अनेक ठिकाणी लहान गोल ठिपक्यांच्या रूपात होता. परत आल्यावर मागच्या बाजूचे ठिपके तपकिरी निघाले आणि पुढच्या बाजूचे पांढरे. पहिल्या नजरेत वाटते की मागची बाजू बिघडली व पुढची टिकली. प्रत्यक्षात दोन्ही बिघडल्या होत्या. अतिनील किरणांनी रंगातले सेंद्रिय बंधक द्रव्य दोन्हीकडे करपवले. पुढे मात्र ऑक्सिजनने ते करपलेले द्रव्य जाळून नेले आणि खाली पांढरे रंगद्रव्य मोकळे पडले. जुन्या चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरे येते, तशी त्या ठिपक्यांची स्थिती होती. शोषकता मोजाल तर उत्तम. हात लावाल तर रंग बोटाला.

आणि इथेच या प्रयोगाचा पहिला मोठा दोष. बहुतेक नमुन्यांची दोनच मोजमापे आहेत : जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर. मधल्या पावणेसहा वर्षांची कथा नाही. अपवाद एका तबकाचा. त्यात परावर्तन मोजणारे यंत्र होते व नमुने फिरत्या चकतीवर बसवून वेळोवेळी मोजले जात होते. विद्युत घट संपेपर्यंत, म्हणजे ५८२ दिवस, त्याने नोंदी ठेवल्या. त्या नोंदींत उघडा ए-२७६ सुरुवातीला काळवंडताना दिसतो. परत आल्यावर तोच नमुना जवळपास मूळच्या इतका पांढरा होता. ही मधली नोंद नसती, तर "बदल नाही" असा शेरा पडला असता. आपल्या शाळांतल्या प्रयोगवह्यांत "बदल झाला नाही" हे वाक्य किती सहज लिहिले जाते, ते आठवावे. बदल होऊन मूळ जागी परत येणे आणि बदल मुळीच न होणे, या दोन गोष्टी केवळ दोन टोकांच्या मोजमापांतून वेगळ्या करता येत नाहीत. दहा हजार नमुन्यांसाठी एक मोजयंत्र, हे प्रमाण मला आजही खटकते. वजन आणि खर्च यांची अडचण मी समजतो. तरीही चार-दोन तबके दुप्पट नोंदीसाठी राखली असती, तर पाच-पन्नास नमुने कमी नेल्याचे कुणाला दुःख झाले नसते.

ज्यांचा मुलामा टिकला त्यांचेही नाव घेतले पाहिजे. झेड-९३ हा झिंक ऑक्साइड आणि पोटॅशियम सिलिकेट यांचा पांढरा रंग जवळपास होता तसा परत आला. त्यात सेंद्रिय काहीच नाही. ऑक्सिजनला जाळायला काही मिळत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उष्णता टाकणाऱ्या पंख्यांवर तोच लावला गेला. सच्छिद्र असल्याने जमिनीवर हाताळताना तो पटकन मळतो, ही त्याची खोड. वर टिकणारा रंग खाली जपावा लागतो.

दुसरी गोष्ट टेफ्लॉनची. चांदीचा मुलामा पाठीवर दिलेल्या टेफ्लॉनच्या फिती उष्णता-नियंत्रणासाठी फार वापरतात. एका ऑक्सिजन अणूमागे सरासरी किती घन सेंटिमीटर द्रव्य झिजते, त्या आकड्याला आपण क्षरणांक म्हणू. १० चा उणे २४ वा घात हे एकक धरले, तर कॅप्टॉन या पिवळसर बहुवारिकाचा क्षरणांक ३ येतो. शटलच्या काही दिवसांच्या उड्डाणांत टेफ्लॉनचा क्षरणांक ०.०५ पेक्षाही कमी आला होता. एलडेफच्या पुढच्या बाजूवर पडलेले अणू दर चौरस सेंटिमीटरला ९ गुणिले १० चा २१ वा घात इतके. गुणाकार करा : कॅप्टॉन ०.२७ मिलिमीटर झिजायला हवे, म्हणजे नेहमीची ०.१२७ मिलिमीटरची फीत पूर्ण नाहीशी. टेफ्लॉन मात्र ०.००५ मिलिमीटरहूनही कमी झिजायला हवे. कॅप्टॉनचे भाकीत खरे ठरले. टेफ्लॉन प्रत्यक्षात सुमारे ०.०३ मिलिमीटर झिजले, अपेक्षेच्या निदान सहापट. क्षरणांक ०.३४ निघाला. चकचकीत फीत दुधी झाली होती. अतिनील किरण आणि इतर प्रारण आधी साखळ्या तोडतात व ऑक्सिजन तुटलेल्या साखळ्या सहज नेतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. काही दिवसांचा निकाल वर्षांनी गुणला की चालते, ही समजूत इथे मोडली. माझ्या मते एलडेफचे हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे.

दुसरा दोष प्रयोगाने स्वतःच ओढवून घेतला. परत आलेल्या एलडेफवर ठिकठिकाणी तपकिरी थर होता, बिडी ओढणाऱ्याच्या बोटांवर असतो तसा. सांगाड्याच्या आतला काळा रंग, निरनिराळ्या तबकांतील सिलिकोनचे चिकटद्रव्य, यांच्यातून निघालेल्या वाफा शेजाऱ्यांवर जाऊन बसल्या. सिलिकोनच्या पातळ थरावर ऑक्सिजनचा अणू आदळला की त्याची सिलिका होते, म्हणजे काचच. अशी काच चढलेला नमुना कमी झिजतो. मग तो टिकला तो स्वतःच्या गुणाने की शेजाऱ्याच्या धुराने? सत्तावन्न प्रयोगांचे बिऱ्हाड एका वाड्यात मांडले की एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या घरात जायचाच. याची पूर्वकल्पना यायला हवी होती.

आता एक मत, ज्याच्याशी मी सहमत नाही. एलडेफविषयी बोलताना "उशीर झाला हे बरेच झाले" असे म्हटले जाते. मात्रा जास्त मिळाली हे खरे. १९८५ मध्ये आणले असते, तर सूर्याच्या शांत काळात आणि अधिक उंचीवर ऑक्सिजनचा मारा थोडाच झाला असता व टेफ्लॉनविषयीचा भ्रम कदाचित तसाच राहिला असता. पण जास्त मात्रा म्हणजे चांगली मात्रा नव्हे. ऑक्सिजनचा मोठा हिस्सा अखेरच्या महिन्यांत पडला, कारण तेव्हा एलडेफ खाली उतरले होते आणि सूर्यही जागा झाला होता. उन्हाचा मारा मात्र सहा वर्षे सारखा. म्हणजे आधी ऊन, मग ऑक्सिजन, असा क्रम लागला. हा क्रम कुणी ठरवला नव्हता, आणि कायम एका उंचीवर राहणाऱ्या यानाला तो लागू पडत नाही. अपघाताने हाती आलेल्या निकालाचा उपयोग जरूर करावा; त्याला आशीर्वाद म्हणू नये. विशेषतः त्या उशिरामागे सात माणसांचा मृत्यू असताना.

हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली. एलडेफ परत येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. हबलच्या बाहेरच्या आवरणावरही टेफ्लॉनच होते, तेही ०.१२७ मिलिमीटरचेच, फक्त पाठीला चांदीऐवजी ॲल्युमिनियम. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना हे आवरण तडकलेले दिसले. ठिगळे लावावी लागली. पुढे २००९ मध्ये काही भागांवर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची नवी आवरणे बसवली. एलडेफवरील टेफ्लॉन झिजले होते, पण असे तडकले नव्हते. दोघांनी सोसलेली ऊन-सावलीची आवर्तनेही फार वेगळी नाहीत : एलडेफच्या बत्तीस हजारांवर फेऱ्या, हबलच्या तोवर हिशेबाने ३७ हजारांच्या आसपास. फरक उंचीचा. हबल सहाशे किलोमीटरच्या जवळपास असल्याने तिथे ऑक्सिजन कमी, पण इलेक्ट्रॉन-प्रोटॉनांचा मारा जास्त. त्या माऱ्याने आणि सौर ज्वालांच्या क्ष-किरणांनी ठिसूळ झालेली फीत तापण्या-निवण्याच्या ताणाने फाटली. "टेफ्लॉन अंतराळात टिकते का?" या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या उंचीवर, कोणत्या तोंडाने, किती काळ, हे विचारल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही.

मुलाम्यातले बारीक छिद्र हीही एक शिकवण. कॅप्टॉनवर धातूचा पातळ मुलामा दिला की ऑक्सिजन आत जात नाही, पण मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतातच. अशा छिद्रातून शिरलेला अणू खाली कॅप्टॉन पोखरतो. वाळवी लागलेल्या चौकटीचा रंग शाबूत असतो तसे. एलडेफच्या नमुन्यांत हे दिसले होते. तरी अंतराळ स्थानकाच्या सौर पंखांच्या पेटीवरील एका आच्छादनाला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा दिला गेला. एका बाजूच्या छिद्रातून आत आलेले अणू दोन मुलाम्यांच्या मध्ये कोंडले गेले व बाहेर पडायला वाट नसल्याने आतच आपटत राहिले. वर्षभरात कॅप्टॉन खाल्ले गेले आणि उरली ती ॲल्युमिनियमची फाटकी चिंधी. दुहेरी संरक्षण एकेरीपेक्षा वाईट ठरले.

एलडेफचे दोष पुढच्या पिढीने किती सुधारले? ऑगस्ट २००१ मध्ये अंतराळ स्थानकाच्या बाहेर मिसी या मालिकेतील पहिल्या दोन पेट्या लावल्या गेल्या. वर्ष-दीड वर्षात आणायच्या होत्या. फेब्रुवारी २००३ मध्ये कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांसह कोलंबिया नष्ट झाले, आणि पेट्या जवळजवळ चार वर्षे वर राहिल्या. कोलंबिया म्हणजे एलडेफला घरी आणणारे तेच शटल. एका पेटीत ४१ बहुवारिकांचा प्रयोग होता. त्याच्या तयारीत आणि मोजमापांत अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या हॅथवे ब्राउन या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी सहभागी होत्या. पातळ फितींच्या चकत्या एकावर एक रचल्या होत्या, म्हणजे वरची संपली तरी खालची मोजायला उरते. एलडेफवर पातळ नमुने मुळातच नाहीसे झाले होते, त्यावरचा हा साधा आणि अचूक उपाय. शिवाय या पेटीत सिलिकोनचे प्रदूषण फार थोडे निघाले. मात्रा जवळपास एलडेफइतकीच पडली, आणि टेफ्लॉनचा क्षरणांक आला ०.२. जुना ०.०५ हून कमी, एलडेफचा ०.३४, हा ०.२. कॅप्टॉन मात्र पुन्हा ३ च्या जवळ. काही पदार्थांना एक आकडा पुरतो, काहींना पुरत नाही, हे मुलींनी केलेल्या वजनांतून पुन्हा दिसले.

शिबिरातल्या बाईंना मी नंतर पत्र लिहिले. सोबत शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवला. ऑक्सिजन अणूंचा मारा गच्चीवर मिळणार नाही, पण ऊन भरपूर आहे. दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकच्या, सुतळीच्या आणि पांढऱ्या तैलरंग दिलेल्या पत्र्याच्या प्रत्येकी बारा सारख्या पट्ट्या कापाव्यात. सहा दक्षिणेकडे उन्हात, सहा बंद कपाटात. दर आठवड्याला दोन्हीकडची एकेक काढून तिला टांगलेले वजन किती पेलते आणि तिचा रंग कसा आहे, हे लिहावे. शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसू नये. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पट्टी काढायला कोणत्या आठवड्यात कोण येणार, ते परीक्षा संपण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.